मांजर, मिरची आणि हवेचे यंत्र

मागच्या हिवाळ्यातली गोष्ट. माझी सहा वर्षांची नात रात्री खोकायला लागली. दिवसा शाळेत ठीक असायची, संध्याकाळी अंगणात हुंदडायची, आणि अंथरुणावर पडली की तासाभरात खोकल्याची उबळ. एका रात्री तिच्या छातीतून शिट्टीसारखा आवाज येऊ लागला, तेव्हा मुलाने तिला तसेच उचलून दवाखान्यात नेले. वाफ दिली, श्वास मोकळा झाला. पहाटे घरी परतलो तर राणी, म्हणजे आमची मांजर, नातीच्याच उशीवर वेटोळे करून झोपलेली. सून हात जोडून म्हणाली, "अब्बा, आता ही मांजर तरी या घरात राहील, नाही तर मी मुलीला घेऊन माहेरी जाते."

तिचे काही चुकले नव्हते. पण राणीला सोडून द्यायचे म्हटले की नात रडून रडून आणखी खोकायची. घरात दोन पक्ष पडले. शेवटी शेजारच्या एकाने तोडगा सुचवला, "चाचा, हवा शुद्ध करायचं मशीन मिळतं आता. मांजरही राहील, पोरगीही राहील." मला हायसे वाटले.

मी कविता लिहिणारा माणूस. बी.ए. झालो तोही भाषा घेऊन. विज्ञानाशी माझा संबंध शाळेतच संपला. पण पुढच्या दोन-तीन महिन्यांत या यंत्रापायी मला जे शिकावे लागले, ते ज्यांच्या घरात मूल आहे आणि मांजर-कुत्रेही आहे, त्यांच्या उपयोगी पडेल असे वाटते.

पहिले यंत्र मी घाईने आणले. दुकानदाराने ते चालू करून दाखवले आणि काय सांगू, खोलीत पावसाची सर पडून गेल्यावर येतो तसा वास दरवळला. कवी माणूस, त्या वासालाच भुललो. खोक्यावर ‘ताजी हवा’ असे लिहिलेले होते. घरी आणले, नातीच्या उशाशी लावले. त्या रात्री ती नेहमीपेक्षा जास्त खोकली. दुसऱ्या रात्री तेच. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांना विचारले तेव्हा ते म्हणाले, "तो वास ओझोनचा. ते यंत्र आधी बंद करा."

ओझोन हा प्राणवायूचाच भाऊबंद. आकाशात फार उंचावर असतो तेव्हा तो सूर्याच्या अतिनील किरणांपासून आपले रक्षण करतो. पण नाकाशी आला की फुप्फुसाला चावतो, आणि दमेकऱ्याला तर अधिकच. काही यंत्रे मुद्दाम ओझोन तयार करतात, तर काहींत ‘आयन’ सोडताना तो थोडाफार तयार होतो. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याने घरात वापरायच्या अशा यंत्रांसाठी नियमच केला आणि तो 2010 पासून लागू झाला. यंत्रातून निघणाऱ्या ओझोनचे प्रमाण हवेच्या 1 कोटी भागांत अर्ध्या भागापेक्षा जास्त नको, असा तो नियम. आपण दुकानात उभे असताना एवढे मोजू शकत नाही. पण साधी खूण लक्षात ठेवता येते: शुद्ध हवेला वास नसतो. यंत्र चालू केल्यावर कसला तरी ‘ताजा’ वास आला, तर ते यंत्र हवेत काहीतरी सोडते आहे. आपल्याला हवेतून काढून घेणारे यंत्र हवे आहे.

डॉक्टरांनी मग उलटतपासणी केली. खोकला कधी येतो? कुठल्या खोलीत? त्या वेळी घरात काय पेटलेले असते? मला उत्तरे देता येईनात. ते म्हणाले, "चाचा, तुम्ही लिहिणारे आहात ना? मग तीन आठवडे वही ठेवा. आणि तोवर मी दिलेला पंप चुकवू नका. यंत्र घेतले तरी पंप बंद करायचा नाही."

वही ठेवली. आमच्या नंदुरबारची हवा ज्यांना ठाऊक आहे त्यांना या वहीत काय निघाले असेल याचा अंदाज येईल. दिवाळीच्या आगेमागे बाजार समितीत ओल्या लाल मिरचीची आवक सुरू होते. गावाबाहेरच्या पथाऱ्यांवर ती वाळत घातली जाते. दुरून पाहावे तर जमिनीवर लाल गालिचे अंथरलेले. पण त्या बाजूने वारा सुटला की डोळे चुरचुरतात आणि ठसका लागतो. मिरचीतला कॅप्सेसिन हा पदार्थ नाक-घशातल्या जळजळ ओळखणाऱ्या मज्जातंतूंना थेट चेतवतो. ही ॲलर्जी नव्हे. तो तिखटपणा कुणालाही लागतो, आधीच नाजूक छातीच्या मुलाला जास्त लागतो. वहीत अशा वाऱ्याचे चार दिवस निघाले आणि त्या चारही रात्री वाईट गेल्या होत्या.

बाकीच्या नोंदी आमच्या घरातल्याच. संध्याकाळी डासांसाठी कॉइल. गुरुवारी लोबानचा धूर, तोही दारे लावून, म्हणजे सुगंध टिकावा. पहाटे केरसुणीने झाडलोट. फोडणीच्या वेळी बंद खिडकी. आणि अर्थातच उशीवर राणी. थंडीमुळे खिडक्या बंद, त्यामुळे जे काही हवेत जाईल ते रात्रभर तिथेच. आम्ही सगळा दोष एकट्या मांजरीच्या माथी मारून मोकळे झालो होतो.

मग डॉक्टरांच्या सांगण्यावरून मोठ्या शहरात जाऊन त्वचेवरची ॲलर्जीची चाचणी करून घेतली. हातावर वेगवेगळ्या पदार्थांचे थेंब ठेवून सुईने हलके टोचतात आणि पंधरा-वीस मिनिटांनी कुठे गांधी उठते ते पाहतात. निकाल असा आला: धुळीतल्या सूक्ष्म किड्यांची ॲलर्जी बऱ्यापैकी, मांजराचीही आहे, पण तिच्याहून कमी. म्हणजे राणी निर्दोष नव्हती, आणि एकटी दोषीही नव्हती.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. मांजराच्या केसांची ॲलर्जी असते असे आपण म्हणतो. खरे तर केस हा नुसता वाहक. त्रास होतो तो एका प्रथिनाचा. ते मांजराच्या लाळेत आणि कातडीतल्या तैलग्रंथींत तयार होते. मांजर दिवसभर अंग चाटते, लाळ केसांवर वाळते आणि तिचे अतिसूक्ष्म कण, कातडीच्या कोंड्यासह, हवेत मिसळतात. यांतले बरेच कण 5 मायक्रॉनहून लहान असतात. माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉन जाड असतो, यावरून कल्पना यावी. इतके हलके कण तासन् तास तरंगत राहतात. ते कपड्यांना चिकटून, मांजर नसलेल्या घरात आणि शाळेच्या वर्गातसुद्धा पोचतात. कुत्र्याचेही असेच, त्याचे प्रथिन वेगळे एवढेच. म्हणून ‘कमी केस गळणारी जात घ्या’ या सल्ल्यात फारसे तथ्य नाही.

आणि मांजर आज घराबाहेर काढली म्हणजे उद्या त्रास थांबेल, असेही नाही. गाद्या, गोधड्या, पडदे यांत मुरलेले हे प्रथिन खऱ्या अर्थाने कमी व्हायला चार ते सहा महिने लागू शकतात. हे ऐकून सून थोडी नरमली.

धुळीतल्या किड्यांची गोष्ट याच्या उलट. त्यांच्यामुळे त्रास देणारे कण जड असतात. गादी झटकली की उडतात आणि थोड्याच वेळात खाली बसतात. हवेत तरंगतच नाहीत, तर हवा ओढणारे यंत्र त्यांना पकडणार कसे? त्यांच्यावर उपाय म्हणजे उशा-गाद्यांना घट्ट विणीची खोळ आणि चादरी दर आठवड्याला कडक गरम पाण्यात धुणे. या सगळ्याचे सार मी वहीच्या शेवटच्या पानावर लिहिले: यंत्र फक्त तरंगणारे पकडते. बसलेले आपल्यालाच पुसावे लागते.

हे ज्याला कळले त्याची फसवणूक सहसा होणार नाही. अमेरिकेतल्या बाल्टिमोरच्या संशोधकांनी 1998 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. मांजराची ॲलर्जी असूनही घरात मांजर पाळणाऱ्या 35 जणांपैकी काहींच्या शयनगृहात खरे यंत्र ठेवले आणि काहींच्या खोलीत नुसते दिखाऊ. तीन महिन्यांनी पाहिले तर खऱ्या यंत्राने हवेतले मांजराचे प्रथिन घटले होते, पण साचलेल्या धुळीतले तसेच होते, आणि माणसांच्या त्रासात दोन्ही गटांत ठळक फरक नव्हता. म्हणजे नुसते यंत्र आणून बाकी सगळे पूर्वीसारखे ठेवले, तर पैसे वाया जाण्याची शक्यता मोठी.

तरीही आम्ही दुसरे यंत्र घेतले. कारण आमच्या हवेत मांजराबरोबर धूर आणि मिरचीची धूळही तरंगत होती. या वेळी मात्र दुकानात जाण्यापूर्वी कागदावर प्रश्न लिहून नेले. तेच इथे देतो.

पहिला प्रश्न गाळणीचा. खरी ‘हेपा’ गाळणी आहे का? ही गाळणी मूळची 1940 च्या दशकातली, अमेरिकेच्या अणुबॉम्ब प्रकल्पात किरणोत्सारी धूळ अडवण्यासाठी तयार झालेली. अमेरिकी मानकाप्रमाणे 0.3 मायक्रॉनचे 10,000 कण आले तर तिने त्यांतले किमान 9,997 अडवावेत. युरोपीय मानकात ‘एच 13’ असा दर्जा लिहिलेला असतो, तोही चालेल. पण ‘हेपासारखी’, ‘हेपा प्रकारची’ असे शब्द दिसले तर सावध व्हावे. दुधासारखे म्हणजे दूध नव्हे.

दुसरा प्रश्न ताकदीचा. खोक्यावर सीएडीआर नावाचा आकडा असतो. यंत्र तासाला किती घनमीटर स्वच्छ हवा देते, तो हा आकडा. आता आपल्या खोलीचे गणित करा. आमची झोपायची खोली 10 फूट बाय 12 फूट, जुन्या पद्धतीची, छत 10 फुटांवर. म्हणजे 1,200 घनफूट, सुमारे 34 घनमीटर. खोलीतली हवा तासातून पाच वेळा गाळली जावी असा ठोकताळा धरला, तर 34 गुणिले 5, म्हणजे 170. पण हा आकडा यंत्र पूर्ण वेगात असतानाचा असतो. त्या वेगात ते एवढे घोंघावते की कुणी झोपू शकत नाही. रात्री आपण वेग कमी करणार. म्हणून आम्ही 250 च्या पुढचे यंत्र पाहिले. मोठे यंत्र हळू चालवणे हे लहान यंत्र जोरात चालवण्यापेक्षा बरे.

तिसरा प्रश्न खास मांजर-कुत्रे असणाऱ्यांसाठी. हेपाच्या आधी धुता येणारी जाळी आहे का? केस आणि मोठी धूळ या जाळीवर अडते. ती नसेल तर केस थेट आतल्या महागड्या गाळणीवर बसून ती महिन्या-दोन महिन्यांत तुंबवतात. जाळी दर आठवड्याला काढून अंगणात साफ करायची, आणि ज्याला त्रास आहे त्याच्या हातून ते काम करून घ्यायचे नाही. आतली हेपा गाळणी मात्र सहसा धुवायची नसते, बदलायचीच असते.

म्हणून चौथा प्रश्न: नवी गाळणी केवढ्याला, किती महिन्यांनी, आणि आमच्या गावात मिळते का? यंत्राची किंमत एकदाच मोजतो, गाळणीची दरवर्षी. यंत्र स्वस्त आणि गाळणी महाग असा मामला पुष्कळ ठिकाणी असतो. विजेचे गणित त्यामानाने सोपे. 40 वॉटचे यंत्र रोज दहा तास चालवले तर महिन्याला 12 युनिट.

पाचवा प्रश्न वासाचा. हेपा कण पकडते, वास नव्हे. वासासाठी सक्रिय कोळशाची गाळणी असते. काही यंत्रांत ती म्हणजे काळा रंग दिलेली पातळ जाळी, तिचा उपयोग नावापुरता. कोळशाचे दाणे भरलेली, हाताला जड लागणारी गाळणी बरी. तरी मांजराच्या लघवीतून येणारा अमोनिया साधा कोळसा फारसा धरत नाही. त्याला उत्तर एकच, मातीचे तबक रोज साफ करणे.

आणखी दोन गोष्टी. यंत्रावर हिरवा-लाल दिवा असतो. तो हवेतले कण मोजतो, कण मांजराचा की मिरचीचा हे त्याला कळत नाही. हिरव्या दिव्यावर विसंबून पंप बंद करू नये. दुसरे, काही यंत्रांत सुगंधी तेल घालायची सोय असते. घरात मांजर असेल तर ती वापरूच नका. अशा तेलांतली काही द्रव्ये पचवून बाहेर टाकण्याची शक्ती मांजराच्या यकृतात कमी असते, टी ट्री तेल तर तिला विषासमान. कपाटातल्या डांबराच्या गोळ्याही तिच्यापासून दूर ठेवाव्यात. आणि एक लक्षात घ्या, मांजरालाही दमा होतो. कॉइलचा धूर आपल्याआधी जमिनीलगत बसणाऱ्या तिच्या नाकात जातो.

यंत्र ठेवायचे कुठे? जिथे मूल सर्वांत जास्त तास काढते तिथे, म्हणजे झोपायच्या खोलीत. भिंतीला चिकटवू नका, चारही बाजूंनी हात-दीड हात जागा सोडा, आणि वायर मांजराच्या दातांपासून जपा. दार उघडे ठेवून यंत्र चालवणे म्हणजे भोकाच्या घागरीत पाणी भरणे. अंगणात बांधलेल्या शेळ्या, ओसरीवर फिरणाऱ्या कोंबड्या यांच्यासाठी तर या यंत्राचा काहीच उपयोग नाही. धडगाव-अक्कलकुव्याकडच्या पाड्यांवर माणसे आणि जनावरे एकाच छपराखाली राहतात. तिथे चुलीचा धूर बाहेर काढणे आणि गोठ्याला वेगळी आडभिंत घालणे हेच खरे यंत्र.

कबुतरे पाळणाऱ्यांना मात्र वेगळे सांगायला हवे. आमच्या मोहल्ल्यांतून हा शौक जुना आहे. कबुतरांच्या विष्ठेची आणि पिसांची धूळ वर्षानुवर्षे श्वासात गेली, तर काहींच्या फुप्फुसाला सूज येऊन ते कायमचे कडक होऊ शकते. मुंबईत 2025 मध्ये दादरचा कबुतरखाना बंद करण्यावरून जो वाद झाला, त्याच्या मुळाशी हीच भीती होती. हा आजार झालेल्याला यंत्र वाचवत नाही, कबुतरांपासून दूरच व्हावे लागते. इतरांनीही खुराडे कोरडे झाडू नये, पाणी शिंपडून, तोंडाला चांगला मास्क लावून साफ करावे.

आता आमच्या घरचा निकाल. राणी घरात राहिली, पण झोपायच्या खोलीचे दार तिला कायमचे बंद झाले. पहिला आठवडा तिने दाराशी बसून आकांत केला, नातीनेही आतून साथ दिली. मग ओसरीवर तिला वेगळी गोधडी मिळाली, ती दर रविवारी धुतो. कॉइल गेली, मच्छरदाणी आली. लोबान आता अंगणात, दार ओढून घेऊन. केरसुणीऐवजी ओले फडके. मिरचीचा वारा सुटला की खिडक्या बंद आणि यंत्र जोरात, एरवी दुपारी दोन तास खिडक्या उघड्या. नात मांजरीशी खेळते ती ओसरीवरच, खेळून झाले की हात-तोंड धुते, फ्रॉक बदलते. पंप डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे चालू आहे.

खोकला पूर्ण गेला का? नाही. पण रात्री सलग झोप लागते, आणि त्यानंतर मध्यरात्री दवाखाना गाठावा लागलेला नाही. यात यंत्राचा वाटा किती आणि ओल्या फडक्याचा किती, हे मला वेगळे काढून सांगता येणार नाही. सुनेला मात्र मी शब्द दिला आहे: एवढे करूनही पुन्हा त्या रात्रीसारखी रात्र आली, तर राणीसाठी मी स्वतः दुसरे घर शोधीन. मांजरीवर माझा जीव आहे, पण नातीचा श्वास आधी.

जाता जाता एक. परवा पथारीवरून येत होतो. बाया ओळीने बसून मिरचीचे देठ खुडत होत्या. नाका-तोंडाला पदर बांधलेला, जवळच झोळीत एक तान्हे मूल. मी त्याच वेळी नव्या गाळणीची चौकशी करायला निघालो होतो. बंद खोलीतली 34 घनमीटर हवा मी पैसे देऊन गाळून घेऊ शकतो. त्या झोळीतल्या मुलाच्या हवेला भिंती नाहीत, तिथे कुठलेही यंत्र पुरे पडणार नाही. तिथे चांगले मास्क, मुलांसाठी पथारीपासून लांब सावलीची जागा आणि वस्तीपासून दूर वाळवणीची सोय, एवढेच हवे आहे. ते एकट्याच्या खिशातून होणारे काम नाही. गावाने मिळून मागितले, तरच होईल.